भाजीच्या वाफ्यांवर उतरणारे पारवे : पेरणीनंतरचे दोन आठवडे कसे सांभाळावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगापूर रस्त्यालगतच्या एका सोसायटीतील सात कुटुंबांनी इमारतीमागची मोकळी जागा वाफे पाडून आपापसांत वाटून घेतली आहे. दिवाळीनंतर पेरलेला वाटाणा जेमतेम उगवला, मेथी विरळ आली आणि कोबीच्या रोपांची पाने फाटली. रोज सकाळी पारव्यांचा, म्हणजे इमारतींवर राहणाऱ्या करड्या कबुतरांचा, थवा उतरतो. सीडी टांगून झाल्या, बुजगावणे उभे करून झाले. आता कोणी आवाजाचे यंत्र आणावे म्हणते, तर कोणी औषध लावलेले दाणे टाकण्याचा सल्ला देते. काय करावे, आणि वाटाणा पुन्हा पेरावा का, असे आपण विचारले आहे.

नाशिक परिसरात मी अनेक वर्षे भाजीपाला करतो आणि सोसायट्यांच्या परसबागांना सल्लाही देतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की पारव्यांना बारा महिने हुसकावत बसण्यात अर्थ नाही. पारवा भाजीचे खरे नुकसान करतो ते बी जमिनीत पडल्यापासून रोपाला दोन-तीन खरी पाने (बीजदलांनंतर येणारी नेहमीची पाने) येईपर्यंतच्या काळात, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत. तेवढा काळ वाफा नीट झाकला तर बाकीचे उपाय दुय्यम ठरतात, आणि तो उघडा राहिला तर कितीही सीडी टांगल्या तरी वाटाणा हाती लागत नाही.

परंतु झाकण्याआधी नुकसान नेमके कोणी केले हे तपासावे, कारण वाफ्यावर थवा दिसला म्हणजे सगळा दोष त्याचाच असे नसते. पारवा दिवसाउजेडी चरतो. सूर्य वर आल्यावर आणि पुन्हा दुपार उतरल्यावर. रात्री तो छज्ज्यावर किंवा डक्टमध्ये बसून असतो. त्यामुळे संध्याकाळी धड असलेले रोप पहाटे जमिनीलगत कापलेले दिसले, तर ते काम रोप कुरतडणाऱ्या अळीचे आहे; बुंध्याजवळची माती बोटाने उकरली तर ती मातकट रंगाची, गोल वळलेली अळी बहुधा सापडतेच. पानावर चकाकणारा वाळलेला चिकट माग दिसला तर गोगलगाय. बियांच्या बाबतीत खूण आणखी स्पष्ट असते. पारवा दाणा सोलत नाही, सबंध गिळतो, त्यामुळे त्याच्यामागे टरफल राहत नाही. वाफ्यात लहान खड्डे उकरलेले असतील आणि काठावर वाटाण्याची साले पडलेली असतील तर तो उंदीर किंवा खार समजावी. माठ-राजगिऱ्यासारखे बारीक बी ओळच्या ओळ नाहीसे झाले तर आधी मुंग्यांची रांग शोधावी.

ओलसर मातीवरचे पायांचे ठसेही उपयोगी पडतात. पारवा चालतो, म्हणून त्याचे ठसे एकाआड एक पडतात. तीन बोटे पुढे, एक मागे. चिमणी टुणटुण उड्या मारते, म्हणून तिचे ठसे जोडीने पडतात. वाफ्याच्या कोरड्या कोपऱ्यात वाटीएवढे गुळगुळीत खळगे दिसले तर तिथे चिमण्यांनी धुळीत अंघोळ केली आहे, बी खाल्लेले नाही. कोबीच्या पानांवर पारव्याची खूण म्हणजे कडेपासून ओढून फाडलेले पान आणि मागे राहिलेली मधली शीर. अळीने खाल्लेल्या पानाला मात्र आतून गोल किंवा वेडीवाकडी भोके असतात आणि जवळ काळे दाणेदार लेंडके सापडतात. आपल्या प्रश्नात पाने ‘फाटली’ एवढेच लिहिले आहे, म्हणून हे पाहून घ्यावे. नोव्हेंबरात नाशिककडे कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळीही असते आणि तिचे खापर पारव्यावर फोडल्यास अळी निवांत वाढते.

एक सोपी चाचणी आहे. पेरलेल्या वाफ्याच्या एका भागावर तारेची जाळीदार टोपली किंवा जुना भाजीचा क्रेट उपडा घालून त्यावर वीट ठेवावी. झाकलेल्या भागात बी उगवले आणि उघड्या भागात नाही, तर चोर वरून येतो. दोन्हीकडे सारखेच नुकसान झाले तर चोर जमिनीतून किंवा फटीतून येतो, किंवा बियाणेच जुने आहे. हे शेवटचे कारण कोणाला सुचत नाही, पण उरलेल्या पाकिटातले दोन-तीन वर्षांपूर्वीचे बी पेरून पक्ष्यांना दोष देणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

याच ओघात आणखी एक भेद सांगतो. कबुतराच्या कुळातला प्रत्येक पक्षी आपला शत्रू नाही. होला जोडीने येतो, वाफ्यांच्या कडेने तणाचे सांडलेले बी टिपतो आणि क्वचितच काही बिघडवतो. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी याच कुळातला आहे, पण तो वड-उंबराची फळे खातो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. आपला प्रश्न आहे तो करड्या अंगाचा, पंखांवर दोन काळे पट्टे असलेला आणि मानेवर हिरवी-जांभळी झाक मारणारा पारवा. मूळचा हा कडेकपारीत राहणारा पक्षी. आपल्या इमारतींचे छज्जे, डक्ट आणि एसीच्या मागच्या जागा त्याच्या दृष्टीने कपारीच आहेत. फरक एवढाच की इथे खाणे जवळ मिळते.

त्याची वीण बारा महिने का चालते हेही जाणून घेतलेले बरे, म्हणजे आपण कशाशी झगडतो आहोत हे कळते. बहुतेक लहान पक्ष्यांना पिले वाढवण्यासाठी किडे लागतात, म्हणून त्यांची वीण किड्यांच्या हंगामाला बांधलेली असते. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या भरवते. त्यामुळे ती वाफ्यातली चार पाने टोचून गेली तरी मी तिला हाकलत नाही. पारव्याचे नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट स्राव पिलांना पाजतात, आणि तो दाण्यांवरच तयार होतो. म्हणजे दाणे मिळत राहिले की वीण चालू राहते. एका वेळी बहुधा दोन अंडी, ती उबायला सतरा ते एकोणीस दिवस, आणि पिलू सुमारे महिनाभरात घरट्याबाहेर. भाजी करणाऱ्याला त्याच्याकडून अळीनियंत्रणाचा काडीचाही उपयोग नाही.

आता दोन आठवड्यांकडे येतो. वाटाण्याचे बीजदल उगवताना जमिनीतच राहते आणि फक्त कोंब वर येतो. पारव्याला कोंबात फारसा रस नसतो. तो कोंब चोचीत धरून ओढतो, कारण खाली अजून अर्धा शिल्लक असलेला, पाण्याने फुगलेला, मऊ दाणा असतो. म्हणूनच वाटाण्याच्या वाफ्यात उपटून टाकलेले पांढुरके कोंब पडलेले दिसतात आणि दाणा गायब असतो. घेवडा आणि चवळी यांची बीजदले जमिनीच्या वर येतात, तिथे पारवा ती दोन जाड दलेच तोडतो आणि रोप बोडके होते. रोपाने दाण्यातला साठा वापरून संपवला, मुळे पसरली आणि खरी पाने आली की ओढून मिळण्यासारखे काही उरत नाही आणि थव्याचे लक्ष दुसरीकडे जाते. मेथीचे बी बारीक आणि कडवट असले तरी उघडे पडलेले असेल तर पारवा ते टिपतो. कोबी-फ्लॉवरच्या रोपांची कोवळी पाने मात्र तो दुसरे काही मिळत नसेल तेव्हाच फाडतो. आपल्याकडे हे नुकसान दाण्यांच्या मानाने कमीच असते.

यावरून पेरणीची रीत ठरते. आपल्याकडे मेथी आणि धणे वाफ्यात फेकून पेरायची आणि वरून हात फिरवायची पद्धत आहे. शेतात एकराच्या हिशेबात ते चालते, पण सोसायटीच्या चार-सहा मीटरच्या वाफ्यात निम्मे बी वरच राहिले तर ते पारव्यांना दिलेले आमंत्रणच होय. म्हणून काकरी ओढून ओळीत पेरावे. मेथी सुमारे दीड सेंटिमीटर, वाटाणा तीन ते चार सेंटिमीटर खोल टोकावा, माती ओढून पंजाने दाबावी आणि लगेच पाणी द्यावे. आपली काळी माती सुकताना भेगाळते आणि त्या भेगांत दाणा उघडा दिसतो. वरून एक बोटभर चाळलेले शेणखत किंवा कंपोस्ट पसरले तर तसे होत नाही. पेरताना वाटेत, बांधावर सांडलेला प्रत्येक दाणा उचलावा. थवा आधी तो सांडलेला दाणा शोधतो आणि मग त्याच्या रोखाने वाफ्यात शिरतो. बाजारच्या पाकिटातले बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते उघडे राहिले तर पक्ष्यांना अपाय होतो, म्हणून उरलेले बी कुठेही न टाकता पाकिटात बंद करून ठेवावे.

उगवण लवकर झाली तर धोक्याचा काळ आपोआप कमी होतो. वाटाणा रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या सुती कापडात एक दिवस बांधून ठेवावा आणि मोड दिसू लागताच टोकावा. मोड लांब होऊ देऊ नये, टोकताना तुटतो. धणे तळहाताने किंवा चपलेच्या तळव्याने हलके रगडून दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत. थंडी वाढली की नाशिकमध्ये उगवण रेंगाळते, किमान तापमान दहा अंशांच्या खाली गेल्यावर तर फारच, म्हणून वाटाण्याची पेरणी नोव्हेंबरच्या पलीकडे ढकलू नये. कोबी आणि फ्लॉवरसाठी वाफ्यात बी टाकण्याचा हट्ट सोडावा. नाशिकच्या आसपास रोपवाटिकांची वाण नाही, तिथे प्रो-ट्रेमधली (रोपे वाढवण्याच्या खणांच्या ट्रेमधली) चार-पाच पानांची रोपे सहज मिळतात. ती लावली की नाजूक अवस्था दुसऱ्याच्या जाळीखाली पार पडलेली असते.

आता जाळी. सगळ्यांत खात्रीचा उपाय हाच आहे आणि सगळ्यांत जास्त चुकीच्या रीतीने केला जाणाराही हाच आहे. सर्वसाधारण चूक म्हणजे जाळी पिकावर थेट पांघरणे. पारवा तिच्यावर बसतो, त्याच्या वजनाने ती रोपावर टेकते आणि तो छिद्रातून चोच घालून खातो. शिवाय रोपे जाळीत गुंतून वाढतात आणि ती काढताना उपटली जातात. जाळी पिकापासून सुटी आणि ताणलेली हवी. त्यासाठी कमानी लागतात. वाफा एक मीटर रुंद धरला तर अर्धवर्तुळाकार कमानीची लांबी सुमारे एक मीटर सत्तावन्न सेंटिमीटर होते. दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर जमिनीत रोवायचे म्हणून दोन मीटरचे तुकडे कापावेत. मधोमध उंची पन्नास सेंटिमीटर मिळते आणि ती पालेभाजी, कोबी आणि वाटाण्याची पहिली अवस्था यांना पुरते. दर सव्वा ते दीड मीटरवर एक कमान असावी.

कमानीसाठी विजेच्या वायरिंगचा अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप चांगला. द्राक्षबागांमुळे आपल्याकडे जुन्या ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या नळ्या भरपूर मिळतात, पण त्या एकट्या उभ्या राहत नाहीत, आत जाड जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार सरकवावी लागते. बांबूच्या कामट्याही चालतात, फक्त टोके घासून गुळगुळीत करावीत, नाहीतर जाळी फाटते. कमानी रोवल्यावर त्यांच्या माथ्यावरून वाफ्याच्या लांबीभर एक सुतळी ताणून, प्रत्येक कमानीला एक वेढा देऊन दोन्ही टोकांच्या खुंट्यांना बांधावी. हा तपशील किरकोळ वाटतो, पण कमानींमधली जाळी झोळीसारखी लोंबणार की नाही हे त्या एका सुतळीवर ठरते, आणि लोंबणाऱ्या जाळीवरच पारवे बसून खातात.

जाळीच्या छिद्राबद्दल बोलायचे तर बाल्कनीला लावतात ती पन्नास मिलिमीटरची जाळी पारव्याला अडवते, परंतु तिच्यातून चिमणी आत शिरते आणि बाहेर पडताना घाबरून अडकते. म्हणून वीस मिलिमीटरच्या आतली, जाड धाग्याची, डोळ्यांना दिसणारी जाळी घ्यावी. द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी टाकतात ती चांगली असते, आणि बागेतून उतरवलेली जुनी जाळी अनेकदा फुकटही मिळते. मासे पकडण्याच्या बारीक पारदर्शक धाग्याची जाळी मात्र कोणी दिली तरी घेऊ नये. पक्ष्याला ती दिसत नाही आणि तो तिच्यात अडकून मरतो. एक मीटर वाफ्याला सव्वादोन मीटर रुंदीची जाळी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना तीसेक सेंटिमीटर जमिनीवर टेकते. ती कड खुंट्यांनी जागोजागी टोचण्यापेक्षा लांब बांबू किंवा विटांच्या ओळीने पूर्ण दाबावी. दोन खुंट्यांच्या मधली फट पारव्याला दिसतेच, आणि चालत चालत आत गेलेला पक्षी बाहेरची वाट विसरून सगळा वाफा तुडवतो. मोकळी, चुरगळलेली जाळी जमिनीवर लोळत ठेवू नये. तिच्यात धामण अडकते, आणि उंदीर खाणारी धामण वाफ्यांच्या आसपास असणे आपल्या फायद्याचे आहे.

कोबीसाठी पक्षीरोधक जाळीऐवजी चाळीस मेशची (इंचाला चाळीस छिद्रे असलेली) कीटकरोधक जाळी कमानींवर घातली तर एकाच खर्चात पारवा आणि पतंग दोन्ही बाहेर राहतात. मेथी-पालकासाठी टरबुजाच्या लागवडीत वापरतात ते पांढरे क्रॉप कव्हरही चालते आणि थंडीत उगवणीला मदतच करते, मात्र फेब्रुवारीनंतर त्याखाली फार तापते. काकडी, दोडका, भोपळा ही मधमाशीवर अवलंबून असलेली पिके फुलोऱ्यात आली की आवरण काढलेच पाहिजे. वाटाण्याचे परागीभवन फुलातल्या फुलातच होते, पण त्याला वर चढायला जागा हवी, म्हणून रोपे वीतभर झाली की जाळी काढून आधाराच्या काठ्या लावाव्यात. तोपर्यंत पारव्याचे काम संपलेले असते.

जाळी येईपर्यंतचे चार दिवस भागवायचे असतील तर वाफ्यावर पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीवर, एकमेकींपासून तीस सेंटिमीटर अंतराने सुतळ्या आडव्या-उभ्या ताणाव्यात. पारव्याला उतरायला मोकळी जागा आणि धोका दिसताच एकदम वर झेपावायला पंख फडफडवण्याइतकी जागा हवी असते. ती नसली की तो बिचकतो. काही दिवसांनी तो बाजूने चालत आत यायला शिकतो, पण तोवर आपल्याला वेळ मिळालेला असतो. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. संक्रांतीनंतर घराघरांत उरलेला नायलॉन मांजा या कामाला वापरण्याची कल्पना दरवर्षी कोणाला तरी सुचते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी जो धागा माणसाचा गळा कापतो तो मुले फिरतात त्या जागी गुडघ्याच्या उंचीवर ताणणे हा शुद्ध अविचार आहे.

सीडी, चमकी पट्ट्या आणि बुजगावणी यांचा दोष असा की त्यांच्यापासून प्रत्यक्ष धोका नाही हे पारव्याला लवकर कळते. चमकी पट्टी वाऱ्यावर फडफडते आणि आवाज करते म्हणून ती सीडीपेक्षा बरी, पण तीही दर दोन-तीन दिवसांनी जागा आणि उंची बदलूनच लावावी आणि फक्त त्या दोन आठवड्यांत लावावी. वर्षभर टांगलेली पट्टी ऐन पेरणीच्या वेळी निरुपयोगी झालेली असते. प्लॅस्टिकच्या घुबडाच्या डोक्यावर पारवा बसलेला आपण कुठे ना कुठे पाहिलाच असेल. ‘अल्ट्रासॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर एक रुपयाही खर्च करू नये, कारण माणसाला ऐकू येत नाही इतका उच्च आवाज पक्ष्यांनाही ऐकू येत नाही. ते यंत्र तत्त्वतःच पक्ष्यांसाठी निरर्थक आहे.

तिखटाच्या फवाऱ्याचेही तसेच. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना तो जाणवत नाही, म्हणूनच पोपट हिरव्या मिरच्या मजेत खातो. खार आणि उंदीर यांच्यासाठी मिरचीचे पाणी थोडेफार चालेल, पारव्यासाठी नाही. डांबराच्या गोळ्या भाजीच्या मातीत टाकू नयेत, त्या विषारी आहेत. चिकट जेल किंवा गोंद लावल्यास पारव्याऐवजी चिमणी, सूर्यपक्षी, पाल असे लहान जीव चिकटून तडफडतात.

औषध लावलेल्या दाण्यांचा विचार मनातून पूर्णपणे काढून टाकावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाळीव आणि रानटी असा भेद करत नाही, आणि विषारी दाणा पारवा, होला, चिमणी की शेजारची कोंबडी हे ओळखत नाही. होल्यासारखे पक्षी तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मेलेला पारवा घार किंवा कावळा खातो आणि विष पुढे सरकते. शिवाय तो दाणा ज्या मातीत पडतो तिथलीच मेथी आपल्या ताटात येणार असते. उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तरी हा उपाय फोल आहे, कारण जिथे खाणे आणि छज्जे शिल्लक आहेत तिथे रिकामी झालेली जागा नवे पारवे भरून काढतात.

म्हणजे खरा प्रश्न खाण्याचा आणि छज्ज्यांचा आहे. सात वाफ्यांमधले चार दाणे एवढा थवा पोसू शकत नाहीत. त्याचे पोट दुसरीकडे भरते आणि आपला वाफा त्याच्या वाटेवर आहे. गच्चीवर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर कोणी रोज ज्वारी-बाजरी टाकते का, कंपोस्टच्या खड्ड्यावर भात-पोळीचे तुकडे उघडे पडतात का, जवळच्या किराणा दुकानामागे धान्य झाडले जाते का, हे पाहावे. कंपोस्टला झाकण लावणे सोपे आहे. दाणे टाकणाऱ्यांशी बोलणे अवघड आहे, कारण त्यामागे श्रद्धा असते आणि बहुतेक वेळा घरातली वडीलधारी व्यक्ती असते. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून लोक किती दुखावले जाऊ शकतात हे सर्वांनी पाहिले. सोसायटीच्या सभेत ठराव आणून कोणाचे आजोबा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापेक्षा त्यांच्याकडे जाऊन बसावे. दाण्याऐवजी उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरण्याचे पुण्य कमी नाही, हे सांगितलेले बहुतेकांना पटते. मात्र ते भांडे वाफ्यांपासून दूर असावे आणि पाणी रोज बदलावे. ‘पारव्यांना लांब कोपऱ्यात वेगळे खायला घालू, म्हणजे ते वाफ्यात येणार नाहीत’ ही युक्ती ऐकायला शहाणपणाची वाटते, पण ती उलटते. खाणे वाढले की थवा वाढतो.

छज्जे आणि डक्ट जाळीने बंद करताना आत अंडी किंवा पिले नाहीत याची खात्री करावी. असतील तर महिनाभर थांबावे, पिले उडाली की जागा साफ करून त्याच दिवशी जाळी लावावी. उशीर केल्यास तीच जोडी पुन्हा अंडी घालते. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्या धुळीतून बुरशीचे आणि जिवाणूंचे आजार होऊ शकतात, आणि दीर्घकाळ श्वासात गेल्यास काहींच्या फुप्फुसांना सूज येऊन कायमचा त्रास जडतो. आधी पाणी शिंपडून ती भिजवावी, तोंडावर चांगला बसणारा मास्क आणि हातात मोजे घालून खरडून काढावी. दमा असलेल्या व्यक्तीने हे काम करूच नये. पालेभाजीवर विष्ठा पडली असेल तर ती पाने टाकून द्यावीत, उरलेली वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि शिजवूनच खावीत. कोथिंबीर कच्ची खाल्ली जाते, म्हणून कोथिंबिरीचा वाफा छज्ज्यांच्या किंवा विजेच्या तारांच्या बरोबर खाली घेऊ नये. विष्ठा ताजी खत म्हणून वाफ्यात टाकण्याचा मोह होतो. ती नत्राने इतकी तीव्र असते की मुळे करपतात. कंपोस्टच्या ढिगात मिसळून पूर्ण कुजू द्यावी.

सात कुटुंबांसाठी सात वाफ्यांची जाळी घेण्याची गरज नाही. वाटाणा, घेवडा, चवळी, मका आणि मेथी एवढ्यांनाच ती लागते. कांदा, लसूण, वांगी, मिरची, शेपू, अळू आणि वेलभाज्यांची मोठी रोपे यांच्याकडे पारवा ढुंकूनही पाहत नाही. दोन-तीन वाफ्यांपुरत्या कमानी आणि जाळ्या सामाईक घेऊन पंधरवड्याने फिरवाव्यात. त्यासाठी कोणी कधी काय पेरायचे हे आधी ठरवावे लागते, आणि अनुभव असा की माणसांचे हे वेळापत्रक जमवणे पारवे आवरण्यापेक्षा कठीण असते. शक्य असेल तर पेरणीचा वाफा वांगी किंवा तुरीच्या उंच ओळींच्या मध्ये घ्यावा. चारही बाजूंचे दिसत नाही अशा अडचणीच्या जागी थवा उतरायला कचरतो.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. वाटाण्याचा वाफा सरसकट खणू नये. जिथे कोंब दिसत नाही तिथे पाच-सहा ठिकाणी बोटाने माती उकरून पाहावी. दाणा जागेवर असेल आणि फक्त वर आलेला शेंडा तुटलेला असेल तर जमिनीतल्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात, अनेकदा एकाऐवजी दोन. अशा ओळी झाकून आठवडाभर वाट पाहावी. दाणाच नसेल तर त्या जागा नोव्हेंबरअखेरपर्यंत मोड आणलेल्या वाटाण्याने भरून घ्याव्यात आणि त्याच संध्याकाळी जाळी ताणावी, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. डिसेंबर उजाडला असेल तर वाटाण्याचा नाद सोडून तिथे मेथी किंवा पालक पेरावा. कोबीच्या प्रत्येक रोपाचा मधला शेंडा पाहावा. तो शाबूत असेल तर फाटलेल्या पानांची चिंता नको, नवी पाने येतात. शेंडाच खुडला गेला असेल तर त्या रोपाला गड्डा धरणार नाही, ते काढून प्रो-ट्रेमधले नवे रोप लावावे. मेथी विरळ राहिली असेल तर मधल्या जागांत पुन्हा बी न टाकता आहे ती वाढू द्यावी आणि शेंडे खुडून दोनदा भाजी घ्यावी. विरळ मेथी जास्त फुटवे धरते.